डेब्रिज दुसऱ्या मजल्याचं, नोटीस सोसायटीच्या नावाची

पत्र

नमस्कार. आमची सोळा फ्लॅटची बिल्डिंग आहे, सिडकोत, पाथर्डी फाट्याच्या बाजूला. सचिव मी आहे, कारण त्या सभेला मला पोचायला उशीर झाला आणि तोवर निवड उरकली होती. गेल्या महिन्यात ओला-सुका कचरा एकत्र दिला म्हणून पालिकेने पाचशेची पावती फाडली, ती मी मेंटेनन्समधून भरली. आता दुसऱ्या मजल्यावरच्यांनी दोन्ही बाथरूम फोडलेत. फरशा, विटा, जुना कमोड, सगळं गोण्यांत भरून गेटबाहेर रस्त्याच्या कडेला पडलंय. सोमवारी नोटीस आली: सात दिवसांत उचला आणि लेखी खुलासा द्या, अन्यथा दहा हजार दंड आणि उचलण्याचा खर्च वसूल केला जाईल. नोटीस सोसायटीच्या नावाची, हातात घेतली मी. फ्लॅटवाले म्हणतात, कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही, दंड आलाच तर सगळे मिळून भरू. चेअरमन म्हणतात, नोटीस घेतलीच कशाला, आता उत्तर देऊ नका, मी नगरसेवकांशी बोलतो. एक काका म्हणाले, ही केस असते, सचिवाला कोर्टात उभं राहावं लागतं. दुसरे म्हणाले, नाही भरला तर सगळ्यांच्या घरपट्टीत चढतो. माझ्या मुलाच्या पासपोर्टचं पोलिस व्हेरिफिकेशन बाकी आहे, म्हणून जास्तच धास्ती बसलीय. काय करू? आणि राजीनामा देऊन मोकळी होऊ का?

एक सचिव, नवीन नाशिक

उत्तर

ताई, नमस्कार.

राजीनाम्याचं शेवटी बघू. आधी त्या गोण्या रस्त्यावरून हलवा. कोणी टाकल्या, कोणी उचलायच्या, पैसे कोण देणार, हा वाद नंतर घाला. तो महिनाभर चालला तरी काही बिघडत नाही. गोण्या मात्र मुदतीत हलायला हव्यात. नोटिशीतली सात दिवसांची मुदत म्हणजे पालिकेने तुम्हाला दिलेली सूट आहे. तेवढ्यात रस्ता मोकळा झाला, तर दंड आकारायला कारणच फार उरत नाही आणि तुमचा खुलासा वाचणारा अधिकारीही जरा नरमाईने वाचतो. गोण्या तिथेच ठेवून ‘आमचा संबंध नाही’ असं कितीही सुंदर मराठीत लिहिलं, तरी ते कुणी वाचणार नाही.

उचलायच्या आधी एक फोटो, उचलताना ट्रॅक्टरचा नंबर दिसेल असा एक आणि रिकाम्या जागेचा एक. ट्रॅक्टरवाल्याकडून पावती घ्या, साध्या कागदावर सही-तारखेची असली तरी चालेल. आणि त्याला विचारा, माल कुठे टाकणार? आपल्याकडे अंधार पडला की वालदेवीच्या काठावर किंवा नासर्डीच्या नाल्यात ट्रॉली पालथी करून येणारे कमी नाहीत. अशी ट्रॉली पकडली गेली आणि माल तुमच्या बिल्डिंगचा निघाला, तर आजची नोटीस परवडली असं म्हणाल. टाकायची जागा विभागीय कार्यालयातच विचारून घ्या, म्हणजे तो प्रश्न मिटला.

आता त्या दोन काकांकडे वळू. दोघांचं थोडं थोडं खरं आहे आणि जे खरं नाही तेच जास्त घाबरवणारं आहे.

नाशिक महापालिका 1982 साली झाली, पण ती चालते 1949 च्या कायद्यावर. पूर्वी त्याला मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणायचे, आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. या कायद्यात आणि त्याच्या जोडीला आलेल्या कचऱ्याच्या नियमांत पालिकेला हातात काठी दिली आहे, पण ती कशी उगारायची याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. लोक त्या सगळ्या एकातच कालवतात आणि मग ‘केस झाली’ असा शब्द सुटतो.

एक रीत तुम्ही गेल्या महिन्यात अनुभवली: जागेवरचा दंड. स्वच्छता निरीक्षक येतो, चूक दाखवतो, पावती फाडतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी स्थानिक संस्थांना असा दंड लावायची मोकळीक स्पष्टच दिली. व्यवहारात ही तडजोड असते. तुम्ही चूक मान्य करून पैसे भरता आणि पालिका विषय तिथेच संपवते. मान्य नसेल तर तुम्ही नाही म्हणू शकता. मग पालिकेला पुढे जायचं असेल तर तिने दंडाधिकाऱ्यांकडे जाऊन सिद्ध करायचं. काकांनी सांगितलेलं कोर्ट ते हे. तिथपर्यंत जायला आधी पालिकेने तक्रार दाखल करावी लागते आणि मग समन्स येतं. कारणे दाखवा किंवा खुलासा द्या अशी नोटीस म्हणजे गुन्हा नोंदवणं नव्हे. मुलाच्या पासपोर्टचा तर यात कुठेच संबंध येत नाही. व्हेरिफिकेशन त्याचं आहे, डेब्रिज दुसऱ्या मजल्याचं आहे. निश्चिंत राहा.

दुसरी रीत म्हणजे सध्या तुमच्या हातात आहे ती: अमुक करा, नाही केलं तर आम्ही करू आणि खर्च तुमच्याकडून घेऊ. यातल्या ‘खर्च’ या भागाकडे लक्ष द्या. पालिकेने स्वतः एखादं काम करून घेतलं तर तो खर्च मालमत्ता कराच्या थकबाकीसारखा वसूल करायची सोय कायद्यात आहे. घरपट्टीत चढतं म्हणणाऱ्या काकांनी बहुधा असलं काहीतरी कुठेतरी पाहिलेलं असणार. पण दंडाची रक्कम आपोआप सोळा जणांच्या घरपट्टीत जाऊन बसते, असं समजू नका. तसं कुणी म्हणालं तर शांतपणे एवढंच म्हणा, ‘साहेब, कोणत्या कलमाखाली ते लेखी द्या.’ आवाज चढवू नका. मागायचा तो कागद मागा.

घरपट्टीचा प्रकार वेगळाच आहे. बिल थकलं की त्यावर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, आणि शास्तीत सूट देणाऱ्या अभय योजनेच्या आशेवर वर्षानुवर्षं थकवणारे आपल्या गावात कमी नाहीत. बेकायदा बांधकामाला कलम 267अ लागतं. तिथे मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती बसू शकते, आणि ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही हे त्या कलमातच लिहून ठेवलं आहे. तुमच्या चेअरमनना हे मुद्दाम वाचून दाखवा, कारण ‘दंड भरला की विषय संपला’ असं मानणारे पुष्कळ भेटतात. डेब्रिजचंही तसंच आहे. उद्या दहा हजार भरले आणि गोण्या तिथेच राहिल्या, तर परवा पुन्हा नोटीस येऊ शकते.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते नोटिशीवरच्या नावाबद्दल. तुम्हाला दहा हजारांची काळजी लागली आहे, मला ते नाव जास्त खटकतं.

बांधकामाच्या कचऱ्याबद्दल 2016 पासून केंद्राचे वेगळे नियम आहेत. जो कचरा निर्माण करतो त्याने तो स्वतःच्या आवारात ठेवायचा किंवा ठरलेल्या यंत्रणेकडे पोचवायचा, रस्त्यावर किंवा गटारीत टाकायचा नाही, ही त्यांची साधी मांडणी. तुमच्याकडे कचरा निर्माण करणारा कोण? ज्याचं बाथरूम फुटलं तो. सोसायटीने सामाईक टाकीचं किंवा जिन्याचं काम काढलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मग नोटीस सोसायटीला का? कारण निरीक्षकाला रस्त्यावरून गेट दिसतं, गेटवरची पाटी दिसते आणि पाटीवर सोसायटीचं नाव असतं. कुठल्या फ्लॅटमधून काय उतरलं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. त्याची चूक म्हणावी असंही नाही. ते सांगायचं काम आता तुमचं आहे, आणि ते मुदतीतच सांगायला हवं.

नाव एवढं महत्त्वाचं का, तर दंड पायरीपायरीने चढतात. प्लास्टिकचं उदाहरण घ्या. मार्च 2018 ची राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना आली तेव्हापासून पहिल्या वेळी 5,000, दुसऱ्या वेळी 10,000 आणि तिसऱ्या वेळी 25,000 रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद, असा चढता हिशेब आहे. ‘दुसऱ्यांदा’ कोण सापडलं हे ठरतं पहिल्या वेळी कागदावर कोणाचं नाव होतं यावरून. कचऱ्याच्या पाचशेच्या पावतीवर सोसायटी, डेब्रिजवर सोसायटी, असं दोनदा झालं की पालिकेच्या दप्तरी तुमची बिल्डिंग सराईत ठरायला लागते. उद्या तिसऱ्या मजल्यावरचं कोणी काही केलं तरी तेही तुमच्याच नावावर जमा. म्हणून ‘सगळे मिळून भरू’ ही सूचना ऐकायला मायेची वाटली तरी मानू नका. पैसे वाटून घेता येतात, पण पालिकेच्या नोंदीत नाव सोसायटीचंच राहतं.

खुलासा लांबलचक नको. ‘प्रति, मा. विभागीय अधिकारी, नवीन नाशिक विभाग’ असं करा, विषयात नोटिशीचा जावक क्रमांक आणि तारीख टाका, आणि मजकूर साधारण असा:

‘उपरोक्त नोटिशीच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर डेब्रिज आमच्या इमारतीच्या सामाईक कामातून निर्माण झालेले नसून सदनिका क्र. अमुक येथील अंतर्गत दुरुस्तीतून निर्माण झालेले आहे. ते दि. अमुक रोजी उचलण्यात आले असून छायाचित्रे व वाहतुकीची पावती सोबत जोडली आहे. सबब संस्थेविरुद्धची नोटीस निकाली काढावी. संस्थेवर दंड आकारण्याचा विचार असल्यास निर्णयापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, ही विनंती.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ऐकून न घेता दंड लावला, ही तक्रार पुढे कुठेही वजनाने मांडता येते. पण तुम्ही ऐकून घ्या असं म्हटलेलंच नसेल तर ती जरा लंगडी पडते. दोन प्रती काढा, एक आवक-जावकच्या टेबलावर द्या आणि दुसरीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक मारून घ्या. या शिक्क्यासाठी अर्धा तास बसावं लागलं तरी बसा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून निरीक्षकांचा ‘ओके’ आला म्हणजे खुलासा दिला, असं होत नाही. पालिकेच्या ई-कनेक्ट ॲपवर टाकायचं तर जरूर टाका, पण या पोचेच्या जोडीला.

सदनिकेचा नंबर लिहायला संकोच वाटत असेल, तर आधी त्या घरी एक पत्र द्या: नोटीस आली आहे, दोन दिवसांत डेब्रिज तुम्ही उचला, नाहीतर आम्ही उचलून खर्च तुमच्याकडून घेऊ आणि पालिकेला वस्तुस्थिती कळवू. या पत्राचीही सही घ्या. शेजारी नाराज होतील. होऊ द्या; ज्यांनी कमोड रस्त्यावर ठेवला त्यांच्या नाराजीची तुम्ही किती दिवस काळजी करणार?

इथे एक नाशिकची खास गोष्ट तपासा. आपण सरसकट ‘सोसायटी’ म्हणतो, पण आपल्याकडच्या कितीतरी बिल्डिंगा कागदावर सोसायट्या नसतात, 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या अपार्टमेंट असतात. तुमच्या खरेदीखतासोबत डीड ऑफ अपार्टमेंट असेल तर तुम्ही ‘संस्थेच्या सचिव’ नाही, असोसिएशनच्या पदाधिकारी आहात. नोटिशीत आणि खुलाशात नाव नोंदणीप्रमाणेच यायला हवं. शिवाय खर्च वसुलीचा रस्ताही बदलतो. सोसायटी असेल तर उपविधी काढा, सभासदाला नोटीस द्या, सर्वसाधारण सभेत विषय घ्या, ठराव करा आणि मग त्याच्या बिलात लावा. अपार्टमेंट असेल तर तुमच्या डिक्लेरेशनसोबतच्या (म्हणजे अपार्टमेंटच्या घोषणापत्रासोबतच्या) उपविधींत काय लिहिलंय ते पाहा. दोन्हीकडे एक मात्र सारखं: चेअरमन आणि सचिवांनी व्हरांड्यात उभं राहून ‘त्यांच्या बिलात टाका’ म्हटलं म्हणून ते टाकता येत नाही.

कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही हा त्या कुटुंबाचा आणि कॉन्ट्रॅक्टरचा मामला आहे. त्याला तुम्ही फोन करत बसू नका.

चेअरमनसाहेबांचं म्हणणं दोन वाक्यांत निकालात काढता येतं. नोटीस घेतली नसती तर ती गेटवर किंवा भिंतीवर चिकटवली असती, आणि तशी चिकटवलेली नोटीसही बजावलेलीच धरली जाते. फक्त सात दिवस सुरू झाल्याचं तुम्हाला उशिरा कळलं असतं. तुम्ही घेतली हे बरं केलं. नगरसेवकांशी बोलायला माझी हरकत नाही, गल्लीत डेब्रिज उचलणारी गाडी ठरावीक दिवशी यावी यासाठी तर आग्रहाने बोला. पण नोटीस रद्द करायचा अधिकार त्यांना कायद्याने नाही, तो प्रशासनाकडे आहे. फोनवर ‘बघून घेतो’ मिळालं आणि मुदत उलटून गेली, की फायलीत काय दिसतं? नोटीस दिली, उत्तर नाही. पुढचा आदेश लिहिणाऱ्याला एवढं पुरतं.

समजा, हे सगळं करूनही दंडाचा आदेश सोसायटीच्याच नावाने आला. तर लगेच भरू नका आणि फाडूही नका. आदेशात कोणत्या नियमाखाली किंवा कोणत्या उपविधीखाली हे लिहिलंय का बघा, तुमच्या खुलाशाचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर विभागीय अधिकाऱ्यांकडे आणि घनकचरा व्यवस्थापन विभागाकडे पुनर्विचाराचा अर्ज करा. सोबत माहिती अधिकारात त्या दिवशीचा पाहणी अहवाल, फोटो आणि दंडाचे दर ठरवणारा ठराव मागा. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. पाहणी अहवालात सदनिकेचा उल्लेख सापडला तर तुमचं काम सोपं झालं. एवढं करूनही नाही ऐकलं आणि रक्कम दहा हजारच असेल, तर वकील गाठायच्या आधी त्याची फी विचारा. तत्त्वासाठी पंधरा हजार घालवून दहा हजार वाचवणारे लोक मी आदराने पाहते, पण हिशेब सोळा घरांचा आहे.

इथे जरा बाहेरचं सांगते. न्यूयॉर्क शहराने 2016 मध्ये कायदा बदलून रस्त्यावर कचरा टाकणं, उघड्यावर लघवी करणं असल्या किरकोळ गोष्टी बऱ्याच अंशी फौजदारी कोर्टातून काढल्या आणि दिवाणी दंडाकडे वळवल्या. तिथे अशा नोटिसांची सुनावणी एक वेगळं कार्यालय करतं. दंड लावणारं खातं आणि म्हणणं ऐकून घेणारं कार्यालय ही दोन वेगळी असतात. आपल्याकडे बहुतेक वेळा ज्या खात्याने नोटीस काढली त्याच्याच वरच्या साहेबांपुढे म्हणणं मांडावं लागतं. आपल्या राज्यात अशी वेगळी खिडकी प्रत्येक महापालिकेत असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ती होईपर्यंत तुमच्या बाजूला आहे तो आवक क्रमांक.

पाचशेच्या पावतीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. भरली ते योग्य केलं. घंटागाडी नाशकात नव्वदच्या दशकापासून दारात येते आहे आणि तरीही आपण एकाच काळ्या पिशवीत भाजीची देठं, दुधाच्या पिशव्या आणि डायपर कोंबून देतो. त्यावर पावती फाटली तर गळा काढायला जागा नाही. ती पावती मात्र फाइलला लावा. आणि पुढे कधीही, कोणीही, ‘पावती नको, तीनशेतच मिटवू’ म्हणाला, तर पाचशे देऊन पावती घ्या. ते तीनशे कुठल्याच हिशेबात दाखवता येत नाहीत, ऑडिटमध्ये तर मुळीच नाही.

पुढच्या वेळेसाठी एक ठराव करून ठेवा. फ्लॅटमध्ये तोडफोड करायची तर आधी लेखी कळवायचं, डेब्रिजसाठी अनामत ठेवायची आणि माल गेल्याची पावती दाखवली की ती परत. गोण्या कुठे ठेवायच्या ती जागाही आवाराच्या आतच ठरवा, पार्किंगच्या एखाद्या कोपऱ्यात. दिवाळीआधी निम्मी बिल्डिंग बाथरूम आणि किचन ओटे काढते, तेव्हा हा ठराव त्याआधीच्या सभेत झालेला बरा.

राहिला राजीनामा. द्यायचा तर द्या, कोणी तुम्हाला जन्मठेप दिलेली नाही. पण खुलाशावर शिक्का पडल्यानंतर द्या. मधेच सोडलंत तर नोटीस घेतल्याची सही तुमची आणि उत्तर कोणाचंच नाही, अशी फाइल मागे राहील, आणि पुढचा सचिव पहिल्याच सभेत तुमच्याकडे बोट दाखवेल. नोटीस, खुलाशाची पोच, फोटो, ट्रॅक्टरची पावती, पाचशेची पावती आणि दुसऱ्या मजल्याला दिलेलं पत्र एका फाइलमध्ये लावून तिच्या पोचेवर चेअरमनची सही घ्या. आणि नव्या सचिवाची निवड ज्या सभेत आहे, त्या सभेला वेळेवर जा.